प्लांट बंद, नोटीस नाही, सही करू का? (सोलापूरहून)

नमस्कार मंडळी,
मी सध्या सोलापुरात आहे, गड्ड्याची जत्रा आणि आईचं डोळ्याचं ऑपरेशन असं दोन्ही जमवून आलो होतो, आणि परवा रात्री साडेदहाला मेल, की अमेरिकेत इंडियानातला आमचा प्लांट आजपासून बंद. 220 जण. ना आधी पत्र ना मीटिंग. सोबत सहीसाठी कागद, सही केली की चार आठवड्यांचा पगार. मी करूनच टाकणार होतो पण बाबा म्हणाले थांब. ते कापड मिलमध्ये साच्यावर (मागावर) होते, एका सकाळी भोंगा वाजला नाही म्हणून गेटवर गेले तर नोटीस डकवलेली. ज्यांनी घाईत हिशोब घेतला त्यांचं पुढं काय झालं हे ते अजून सांगत असतात. कुणाला यातलं काही माहितीये का?

---

अरे, बाबांचं ऐक.
तिकडे 1988 चा वॉर्न कायदा आहे. 100 किंवा जास्त फुल टाइम माणसं असलेल्या कंपनीनं प्लांट बंद करताना 50 किंवा जास्त लोकांची नोकरी जाणार असेल तर 60 दिवस आधी प्रत्येकाला लेखी कळवायचं. नाही कळवलं तर जेवढे दिवस कमी पडले तेवढ्याचा पगार आणि मेडिकलसारखे बेनिफिट, जास्तीत जास्त 60 दिवसांचे. तू सुट्टीवर होतास म्हणून यादीतून गळत नाहीस. आता तुझा तो कागद, त्यात बहुतेक "कंपनीवर कुठलाही दावा करणार नाही" असं असणार, म्हणजे चार आठवडे घेऊन साडेआठ आठवड्यांवर पाणी सोडायचं. वय 40 किंवा जास्त असेल तर अशा ग्रुप लेऑफमध्ये कागद वाचायला 45 दिवस द्यावे लागतात, तेही बघ.

कंपनी म्हणेल अचानक ऑर्डर गेली, आम्हाला तरी कुठं माहीत होतं. ती पळवाट कायद्यात आहे, पण तेव्हाही जमेल तितक्या लवकर नोटीस द्यायची आणि उशीर का झाला ते त्यात लिहायचं. तुझ्या मेलमध्ये कारण लिहिलंय का?

आणि एक, तिकडचं लेबर खातं तुझ्यासाठी भांडणार नाही. बाबांच्या वेळी आपल्याकडे मोठ्या कारखान्याला बंद करायला 90 दिवस आधी सरकारची परवानगी मागायला लागायची (मिळायची वाट कोण बघतंय म्हणा). अमेरिकेत सरळ फेडरल कोर्ट. एकट्यानं जाऊ नको, सगळ्यांचा मिळून एकच दावा करतात, वकील बऱ्याचदा जिंकल्यावरच फी घेतो. कंपनी दिवाळखोरीत गेली तर मात्र लगेच हल, तिथं क्लेम भरायची तारीख असते.

---

थँक्यू काका. मेल परत वाचला, कारण म्हणून एक ओळ पण नाही, नुसतं "आभारी आहोत". 45 दिवसांचा उल्लेख आहे, बारीक अक्षरात, मी 43 चा. शिफ्टमधल्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, निम्म्यांनी सह्या करून टाकल्यात की हो. बाकीच्यांना रात्रीच लिहिलं. बाबा म्हणतात आधी सगळ्याची झेरॉक्स काढ, तर उद्या नव्या पेठेत जाऊन पगाराच्या स्लिपा पण छापून आणतो.