चिपळूणला वन-बीएचके घेऊन भाड्याने देणं आणि गावचं बंद घर: काय तपासावं?

डोंबिवलीकर_गुहागरचा

नमस्कार मंडळी. चिपळूणला ३२ लाखांचा वन-बीएचके बघून ठेवलाय, चौथा म्हणजे सगळ्यात वरचा मजला. ८ लाख हाताशी आहेत, २४ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी मिळतंय. एजंट म्हणतो, ९ हजार भाडं कुठेच गेलं नाही. शिवाय गुहागरकडे आजोबांचं चिरेबंदी घर बंद पडलंय, मागे नारळ-सुपारीची वाडी. तेही एक कुटुंब भाड्याने मागतंय. मी राहतो डोंबिवलीला, दर महिन्याला फेरी जमणार नाही. काय तपासू? नोटरीकडचा ११ महिन्यांचा करार पुरतो असं सगळे सांगतात, ते खरं का?

खेर्डी_नाका

आधी हिशोब मांडा. २४ लाखांचा हप्ता साधारण २०,८०० बसेल. भाडं वर्षाला १,०८,०००. त्यातून एक महिना घर रिकामं राहिलं म्हणून ९,००० काढा, मेंटेनन्स महिना १,२०० धरला तर १४,४००, घरपट्टीचे ३,६००, रंग-नळ-किरकोळ दुरुस्तीचे १२,०००. हातात उरतात ६९,०००, म्हणजे महिन्याला ५,७५०. बाकीचे १५ हजार दर महिन्याला पगारातून घालावे लागतील. ३२ लाखांवर हे दोन टक्क्यांच्या जरासं वर झालं, आणि खरेदीचं मुद्रांक शुल्क व नोंदणी अजून यात धरलेली नाही. नुसत्या भाड्याच्या भरवशावर एवढं कर्ज काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. उद्या स्वतः राहायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

करात घरपट्टी वजा होते, उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग कर्जाचं व्याज. पण नवीन करप्रणालीत असाल तर भाड्यापेक्षा जास्त झालेलं व्याज पगारातून वजा करता येत नाही. पहिल्या वर्षी तुमचं व्याजच दोन लाखांवर जाईल, तेव्हा एजंटच्या 'टॅक्स वाचतो'वर विसंबू नका.

भाडेकरू बहुतेक खेर्डी-लोटे एमआयडीसीचे, बँकेचे, शिक्षक आणि बदलीवाले सरकारी नोकर. बदल्या आणि शाळा दोन्ही मे-जूनमध्ये, म्हणून रंगकाम एप्रिलमध्ये उरकून मेच्या सुरुवातीला घर तयार ठेवा. ऑगस्टमध्ये रिकामं झालेलं घर दिवाळीपर्यंत तसंच पडून राहू शकतं.

पागोळी

वरचा मजला म्हणताय, मग मी स्लॅबवरच बोलते. एजंट ऑक्टोबरनंतर नवा रंग मारलेलं घर दाखवतो. तुम्ही जुलैत, सलग तीन-चार दिवस पाऊस झाल्यावर बघायला जा. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या भिंती आधी. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत रंग फुगलाय का, कपाटामागे बुरशीचा वास येतो का, छताला पिवळट कडा असलेले डाग आहेत का, हे बघा. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायची खाच नसेल तर पाणी आतल्या बाजूला ओघळत भिंतीत मुरतं. कितीही भारी रंग मारा, तिथे टिकत नाही.

गच्चीवर जा. पाणी जायच्या पाइपांच्या तोंडाशी उतार आहे का, की मध्येच डबकं साठतंय? पावसाळा नसेल तर सोसायटीच्या परवानगीने तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवायला सांगा आणि खालून छत बघा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर उत्तम, पण ती परवानगीची आहे का ते विचारा.

बीम-कॉलमला उभी-आडवी सरळ भेग आणि तिच्यातून तांबूस ओघळ दिसला, तर आत सळई गंजलीय. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट ढकलून काढते. हातोडीने हलकं ठोका, पोकळ आवाज आला तर वरून सिमेंट थापून भागणार नाही. काँक्रीट गंज संपेपर्यंत फोडायचं, सळई घासून गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मॉर्टर. हा खर्च सगळ्या सोसायटीवर पडतो, म्हणून तळमजल्याचे कॉलमही बघून या.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. तुम्ही चौथ्यावर असलात तरी मीटर बोर्ड, पाण्याचा पंप आणि भाडेकरूची गाडी तळाशीच असते. इमारत निळ्या पूररेषेच्या आत आहे की लाल रेषेच्या, हे नगरपरिषदेत नकाशावर बघा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) नसेल तर पुढचं काही बघूच नका.

सातबारा_आठअ

नोटरीचा करार पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की ३६. जबाबदारी घरमालकाची, चुकल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणी नसेल तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

खर्च फार नाही. ९,००० भाडं, ३०,००० अनामत, ३६ महिने: भाडं ३,२४,०००, अनामतीवर दरसाल १० टक्क्यांप्रमाणे ९,०००. एकूण ३,३३,००० वर ०.२५ टक्के म्हणजे ८३३ रुपयांच्या आसपास मुद्रांक, अधिक नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. 'लिव्ह अँड लायसन्स' (म्हणजे फक्त राहायची परवानगी) असंच लिहा, 'भाडेपट्टा' नको. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवर दुप्पट भरपाई मागता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्या, ऑनलाइन होते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क घेईल, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

आता गावच्या घराचं. आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद. काका-आत्यांचे हिस्से असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्या, नाहीतर एखादा हिस्सेदार गणपतीत आल्यावर भाडेकरूलाच बाहेर काढायला बघेल. आणि वाडी करारात अजिबात घालू नका. 'नारळ तुम्हीच उतरवा, अर्धे आम्हाला द्या' हे तोंडी ठरवणं सर्वांत धोक्याचं: कसणाऱ्याला कूळ कायद्याच्या कलम ४ खाली हक्क सांगायला जागा मिळते. करारात घर आणि खळं (अंगण) एवढंच, चतुःसीमेसह लिहा. वाडी मालकाच्या ताब्यात, पाडपाचे (नारळ-सुपारी उतरवण्याचे) पैसे मालक देणार, हेही लिहा. झाडांचं शिंपण करणाऱ्या गड्याला पगार द्या आणि पावती ठेवा.

डोंबिवलीकर_गुहागरचा

खूप आभार. फ्लॅटचा विचार जुलैपर्यंत थांबवतो. गावच्या घराला अनामत किती घ्यावी आणि लांबून लक्ष कसं ठेवायचं?

पागोळी

तीन महिन्यांची अनामत घ्या. वीजजोडणी तुमच्या नावावरच राहू द्या आणि महावितरणच्या ॲपवर नंबर जोडा, बिल थकलं तर तुम्हाला लगेच कळेल. घर सोडताना शेवटचं रीडिंग भरल्याची पावती बघूनच अनामत परत करा. ताबा देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि पंखे-दिव्यांची यादी, दोघांच्या सह्यांसह. मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवा, एमसीबी वेगळे हवेतच. पावसात तो सारखा पडायला लागला तर आधी पडवीतल्या दिव्याचा पॉइंट बघायला सांगा, बहुतेक वेळा पाणी तिथेच शिरतं.

कौलं मेच्या शेवटच्या आठवड्याआधी चाळून घ्या आणि ते काम करारात तुमच्याकडे ठेवा. भाडेकरू कौलांवर चढला की चार फुटतातच.

सातबारा_आठअ

विहीर सामाईक असेल तर पाणी भरायचे दिवस शेजाऱ्याशी ठरवून तेही करारात टाका. एप्रिल-मेमध्ये पाणी खारट होत असेल तर टँकर कोणाच्या खर्चाने, हेसुद्धा.