पडताळणी झाली, पण एजन्सीचं काय?

फोंड्याच्या ताईंनी विचारलंय की आईची देखभाल करायला घरी बाई ठेवताना एजन्सीत काय बघायचं. त्यावर बहुतेकांनी आधार आणि पोलीस पडताळणी सुचवलीय. ते हवंच, पण त्यातून बाई कोण एवढंच कळतं, एजन्सी कशी चालते ते नाही.

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन अशा सेवा तपासतं. तिथले अहवाल कुणालाही वाचता येतात (तिथल्या स्विंडन शहरात कुणी नातलग असेल तर विचारा). आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात अशा एजन्सींच्या नोंदणीची तरतूद होती, पण त्याचा कायदा झालाच नाही. तेव्हा इन्स्पेक्टर आपणच.

औषधांची वही अधूनमधून अवेळी उघडा. बाबांच्या वेळी दुपारी चारलाच रात्रीच्या इन्सुलिनपुढे टिक दिसली, सहीसकट! बाई म्हणाली, "रकाना रिकामा दिसला की सुपरवायझर ओरडतात." आता यात दोष बाईचा कसा म्हणायचा? सुपरवायझर न कळवता येतो का, आणि आला तर वही बघतो की पेशंट, हे विचारा. इंजेक्शन देणारी नर्स नोंदणीकृत आहे का, तेही.

आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) बाई सुट्टीवर गेली की बदली कोण येणार? "बघू, करू कायतरी" असं उत्तर आलं तर दुसरी एजन्सी शोधा.

आई पडली तर आधी १०८ ला फोन करायचा की ऑफिसला, हे मॅनेजरला नको, बाईलाच विचारा.