अमेरिकी सरहद्दीवरच्या लढाया: तेव्हाची वर्तमानपत्रं पुरावा मानायची का?

जुनाखिळा
सध्या अठराव्या शतकातली अमेरिकी वर्तमानपत्रं नेटवर चाळतोय. मूळ रहिवाशांशी झालेल्या चकमकी त्यांत ज्या थाटात छापल्यात ते वाचून मत बनलंय: लढाईचा पुरावा म्हणून ही सगळी रद्दी. 'फोर्ट पिट (सरहद्दीवरचा किल्ला) येथील एका गृहस्थाच्या पत्रातून' अशी सुरुवात. गृहस्थ कोण, त्याने पाहिलं की नुसतं ऐकलं, पत्ता नाही. एका गावाने छापलं की दुसरं गाव तेच उचलणार, आणि चार ठिकाणी आलं म्हणून ते खरं!

कळस केला बेंजामिन फ्रँकलिनने, अमेरिकेच्या फ्रान्समधल्या दूताने. १७८२ साली पॅरिसजवळ पासीला, स्वतःच्या छापखान्यात, त्याने बॉस्टनच्या 'इंडिपेंडंट क्रॉनिकल'ची चक्क बनावट पुरवणी काढली. सेनेका या मूळ रहिवासी जमातीने कॅनडाच्या ब्रिटिश गव्हर्नराकडे माणसांच्या टाळूंची (केसांसकट सोललेल्या डोक्याच्या कातडीची) आठ गाठोडी पाठवली, त्यांची ही यादी. पहिल्यात ४३ सैनिकांच्या टाळू. चार इंची काळ्या कड्यांवर ताणलेल्या, आतून लाल रंगवलेल्या, गोळीने मेल्याची खूण म्हणून काळा ठिपका. एवढा बारकावा आणि सगळा मनचा! इंग्लंडशी तहाची बोलणी व्हायची होती, तिथल्या लोकांना लाजवायचं होतं. पुढे कित्येक वर्षं ही यादी खरी म्हणून छापली जात होती.

ओहायोकर
एक आंबा नासका निघाला म्हणून अख्खी अढी उकिरड्यावर टाकणार का?

बातम्या ठेवा बाजूला, जाहिराती वाचा. सिनसिनाटीत १७९३ ला 'सेंटिनेल ऑफ द नॉर्थ-वेस्टर्न टेरिटरी' निघालं. ब्रीदवाक्य काय, तर सर्व पक्षांना खुले, कोणाच्याही प्रभावाखाली नाही. त्यातच १७९४ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून इनाम लावलंय: इंडियनाची, म्हणजे मूळ रहिवाशाची, टाळू आणा, उजवा कान चिकटलेला हवा. पहिल्या दहा टाळूंना, आणणारा वर्गणीदार असेल तर प्रत्येकी १३६ डॉलर, नसेल तर १००. कानाची अट कशाला हे सांगायला नको. एका डोक्याच्या दोन टाळू दाखवून दुप्पट पैसे उकळणारे असणारच. कोंबडीचा भाव ठरवावा तसं चाललंय. फ्रँकलिनने जे सेनेकांच्या माथी मारलं, ते इथे गोरे गावकरी दरानिशी कबूल करतायत. याला रद्दी म्हणता?

जुनाखिळा
जाहिरात जबरी आहे, मान्य. पण तुमच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया 'जाहिरात खोटी कोण कशाला देईल' हा. फ्रँकलिनने त्या बनावट पुरवणीत जाहिरातीसुद्धा बनावट घातल्या होत्या. जमीन विकणे आहे, घोडा हरवला आहे. पोरवयापासून छापखान्यात राबलेला माणूस. वाचक कशावर डोळे मिटून विश्वास ठेवतो हे त्याला चांगलं ठाऊक.

ओहायोकर
हा टोला बसला 😀 पण खोटं नाणं चालतं कारण खरी नाणी बाजारात असतात. सिनसिनाटीच्या इनामामागे वर्गणीची रक्कम होती, घोड्यामागे घोडाच नव्हता.

आडगावची_सून
दोघंही टाळूंचे दर लावत बसलात. त्या बनावट पुरवणीवर तारीख कुठली होती? १२ मार्च १७८२. तिच्या चारच दिवस आधी, ८ मार्चला, ओहायोतल्या ग्नाडेनह्यूटन गावात पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने (नागरिकांच्या सैन्याने) लेनापे जमातीचे ९६ जण मारले. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनचे ख्रिस्ती, निःशस्त्र. २८ पुरुष, २९ बाया, ३९ मुलं. उद्या मरायचंय हे आदल्या दिवशी सांगितलेलं. रात्र त्यांनी प्रार्थना आणि भजनं म्हणत काढली. सकाळी पुरुषांना एका घरात, बायका-मुलांना दुसऱ्या घरात नेऊन लाकडी हातोड्याने मारलं, टाळू काढल्या. दोन पोरं निसटली, त्यातल्या एकाची टाळू आधीच सोललेली होती. आतलं काही कळलं ते त्या पोरांमुळे. गृहस्थाच्या पत्रात काय आलं आणि काय नाही एवढ्यावर वाद घालताय, त्या पोरांकडे कुठला छापखाना होता?

ओहायोकर
रास्त. तरी मूळ रहिवाशांचं काहीच छापलं नाही असंही नाही. मिंगो या मूळ रहिवासी गटाचा सरदार लोगन, त्याचं भाषण १७७५ ला व्हर्जिनियाच्या वर्तमानपत्रात आलंय. गोऱ्यांनी त्याचे नातलग मारले, आता माझ्यासाठी रडायला कोणी उरलं नाही, असं म्हणतो तो.

जुनाखिळा
तेही दुभाष्याच्या इंग्रजीतून. लोगनचे स्वतःचे शब्द दाखवा, लगेच 'रद्दी' मागे घेतो.

आडगावची_सून
ते दाखवता आले असते तर तुम्ही धागाच काढला नसता, खिळेसाहेब.