जोखमीचा क्लायंट आणि ऑनलाइन सेशन: कॉल तुटला तर?

नवी_समुपदेशक:
आत्महत्येचे विचार असलेल्या क्लायंटची सेशन्स व्हिडिओवर घ्यायची आहेत. जोखमीचं मूल्यमापन जमतं. पण मध्येच कॉल बंद पडला तर काय? आणि घरातलं कुणी ऐकत असेल तर कळणार कसं?

क्लिनिकल_आठ:
दर सेशनला आधी विचारायचं: आत्ता नेमके कुठे आहात? फॉर्मवरच्या पत्त्यावर विसंबू नका, माणसं गाडीत किंवा नातेवाइकांकडे बसूनही बोलतात. आपत्कालीन क्रमांक तुम्ही फिरवलात, तर तो सहसा तुमच्या भागातल्या नियंत्रण कक्षाला लागतो. म्हणून क्लायंटच्या जवळच्या रुग्णालयाचा आणि पोलीस ठाण्याचा थेट नंबर हाताशी हवा.

कॉल तुटला की फोन तुम्हीच करायचा, क्लायंटने उचलायचा, हे लेखी ठरवा. दोघंही लावत बसले की दोघांनाही बिझी लागतो. पाच मिनिटांत संपर्क नाही, तर क्लायंटने संमतीपत्रात आपत्कालीन संपर्क म्हणून दिलेल्या व्यक्तीला फोन. नेट गेलं की चिडून बंद केलं, हे स्क्रीनवर सारखंच दिसतं. अंदाज बांधत बसू नका.

मनमोकळं:
"एकटे आहात ना?" याला शेजारी कुणी बसलेलं असलं तरी "हो"च येतं. हेडफोन लावायला सांगा, म्हणजे तुमचा प्रश्न बाहेर जात नाही, आणि उत्तर हो-नाहीत किंवा शून्य ते दहात घ्या. कुणी ऐकतंय असं वाटलं तर विषय बदलायची खूण म्हणून एखादा साधा शब्द आधीच ठरवा. छळ करणारी व्यक्तीच घरात असेल, तर तिचा नंबर आपत्कालीन संपर्क म्हणून चुकूनही नको.

साय_वॉर्ड:
कॅमेऱ्यात चेहरा दिसतो. हातावरच्या जखमा, चाल, दारूचा वास कळत नाही, तेव्हा सरळ विचारा. आणि आत्महत्येच्या विचारांबद्दलचा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांवर ढकलू नका, उत्तर "हो" आलं तर पुढची कामं करायला वेळ उरत नाही.

स्टॅन्ली-ब्राउन सेफ्टी प्लॅनचे (आत्महत्येचे विचार वाढले तर क्रमाने काय करायचं, याची लेखी योजना) सहाही टप्पे स्क्रीन शेअर करून क्लायंटच्याच शब्दांत लिहा. शेवटचा टप्पा, घातक वस्तू दूर करण्याचा, सगळ्यात जास्त कच्चा राहतो. "काढून ठेवेन" एवढ्यावर सोडू नका. कुणाकडे देणार, आज किती वाजता? शक्य असेल तर सेशन चालू असतानाच त्या व्यक्तीशी बोलून घ्या.

नवी_समुपदेशक:
आपत्कालीन संपर्क द्यायलाच नकार असेल तर?

क्लिनिकल_आठ:
मग ऑनलाइन घेऊ नये.

साय_वॉर्ड:
इतकं सरसकट नको. नकार दिलात आणि प्रत्यक्ष भेटीची सोय लांब असली, तर माणूस उपचारांविनाच राहतो. घरचे नकोत तर मित्र किंवा फॅमिली डॉक्टर चालेल का, विचारा. योजना आणि हेतू दोन्ही पक्के असतील, तर मात्र प्रत्यक्ष तपासणी, तीही त्याच दिवशी.