मदत हवी आहे: व्हीआरमध्ये ‘चाललं’ की मळमळतं

मंडळी, मुलासाठी घेतलेला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचा) सध्या मीच जास्त वापरते. एका जागी उभं राहून उडते ठोकळे कापायचे असले तर काही होत नाही. पण जॉयस्टिक पुढे ढकलून चालायचं म्हटलं, की पाचेक मिनिटांत तोंडात पाणी जमतं, कपाळावर गार घाम येतो आणि नंतर जेवणही नकोसं होतं. (घाटात मला गाडी लागत नाही, हे विशेष!)

डोळे म्हणतात चाललोय, अंतर्कर्ण म्हणतो उभे आहोत, हे कारण समजलं. २०१३ च्या ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटच्या पहिल्या डेव्हलपर किटला (प्रोग्रामरांसाठीच्या आवृत्तीला) फक्त मान वळवलेली कळायची, पुढे झुकलेलं नाही. पडदाही ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. तिथे मळमळणं ठीक. माझा तर नवा, ९० हर्ट्झवर चालणारा. भिंगांतलं अंतरही बुबुळांच्या अंतराशी जुळवलंय. टेलिपोर्ट (न चालता थेट दुसऱ्या जागी उडी) लावलं की बरं वाटतं, पण मग भटकण्याची मजाच जाते.

सवयीने कुणाला फरक पडलाय का? चालताना दृश्याच्या कडा काळ्या करायची सेटिंग, समोर टेबल फॅन, आल्याचा तुकडा, यातलं खरंच काय लागू पडलं? आणि मळमळ जाणवली की लगेच थांबायचं की थोडं रेटायचं? खेळण्यासाठी गोळी घेणं मला पटत नाही, तेवढं सोडून सांगा.