जायंट पिट्यूटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) ट्यूमर, पण केआय-६७ (विभाजनात असलेल्या पेशींची टक्केवारी) जेमतेम १%. रिपोर्टात काय लिहावं?

प्रश्न
नैरोबीत पॅथॉलॉजी बघतो. बाहेरगावचे रुग्ण नजर जवळपास गेल्यावरच पोहोचतात. ४ सेंमीच्या वरचे (म्हणजे 'जायंट') ट्यूमर, नॉस्प ग्रेड ४ (बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीला पूर्ण वेढा). एमआयबी-१ (केआय-६७ तपकिरी दाखवणारी अँटिबॉडी) लावलं की केआय-६७ जेमतेम १%, कधी तर अख्खी स्लाइड निळी, तपकिरी काहीच नाही. सर्जनला 'ॲग्रेसिव्ह' हा शब्द हवाय. आफ्रिकन रुग्णांना केआय-६७ ची ३% ची रेघ लागू होते का?

स्लाइडवाला
निळी स्लाइड म्हणजे शून्य टक्के नव्हे. टॉन्सिलचा कंट्रोल (सोबत रंगवलेला तुलनेचा नमुना) उजळला एवढ्यावर विसंबू नका. तो तुमच्याच लॅबमध्ये नीट फिक्स झालेला असतो, बाहेरून आलेला नमुना नसतो. त्याच ब्लॉकवर व्हायमेंटिन (रक्तवाहिन्यांत हमखास असणारं प्रथिन) लावा. रक्तवाहिन्यांच्या भिंतीही फिक्या आल्या तर अँटिजेन (अँटिबॉडी जिथे चिकटते ते प्रथिन) गेलंय, टक्केवारी देऊच नका.

दुसरं, रंगवण्याआधी अँटिजेन उघडं करायला स्लाइड तापवावी लागते. नैरोबी साधारण १८०० मीटरवर आहे, तिथे पाणी ९४° च्या आसपासच उकळतं. प्रोटोकॉलमध्ये ९८° लिहिलेलं असलं तरी उघड्या वॉटर बाथमध्ये ते कधीच गाठलं जाणार नाही. ट्रिस-ईडीटीए (तापवण्याचं द्रावण), पीएच ९, आणि प्रेशर कुकर वापरा. पूर्ण दाब आल्यावर २-३ मिनिटं. सेक्शन ताजे कापा, महिनोन्‌महिने डब्यात पडलेल्या स्लाइडवर केआय-६७ फिकं पडतं.

मायटोसिस
मोजणीतही घोळ होतो. हॉटस्पॉट (सर्वांत जास्त तपकिरी केंद्रकं असलेला भाग) शोधा, ४०x वर फोटो काढा आणि ५०० ते १००० केंद्रकं खरोखर मोजा. २ ते ४% च्या पट्ट्यात नजरेचा अंदाज चालत नाही. एंडोथेलियम (रक्तवाहिनीचं अस्तर) आणि लिम्फोसाइट वगळा. ॲपोप्लेक्सी (आत अचानक रक्तस्राव) झालेल्या ट्यूमरमध्ये मेलेला भाग टाळा. रिपोर्टात '२८/१०००' असंच लिहा, म्हणजे पुढच्याला पडताळता येतं.

सेला
मूळ प्रश्न आकाराचा आहे. वर्षानुवर्षं स्कॅनच न झालेला, हळू वाढणारा गोनॅडोट्रॉफ (पिट्यूटरीतल्या एका पेशीप्रकाराचा) ट्यूमरही जायंट होतो. उशिरा निदान झालं त्यावरून ट्यूमरची जातच वेगळी असं ठरत नाही. ३% ची रेघ २००४ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात 'एटिपिकल' साठी होती. तो प्रकार २०१७ मध्ये काढला. २०१८ च्या युरोपियन मार्गदर्शनानुसार ॲग्रेसिव्ह म्हणजे स्कॅनवर पसरलेला आणि शिवाय एक तर असाधारण वेगाने वाढणारा, नाही तर नेहमीचे उपचार करूनही वाढत राहणारा. एका बायोप्सीवर ते ठरत नाही, दोन एमआरआय लागतात.

केआय-६७ ३% किंवा वर असेल तर पी५३ (ट्यूमर रोखणारं प्रथिन) आणि मायटोसिसची (पेशी-विभाजनाची) मोजणी जोडा. पिट१, टीपिट, एसएफ१ (ट्यूमर कुठल्या पेशीप्रकाराचा ते सांगणारे स्टेन) परवडत नसतील तर निदान एसीटीएच (हॉर्मोनचा स्टेन) लावा. सायलेंट कॉर्टिकोट्रॉफ (एसीटीएचच्या पेशींचा, पण हॉर्मोनची लक्षणं न देणारा ट्यूमर) निघाला तर १% असूनही लक्ष ठेवा. टेमोझोलोमाइड (केमोथेरपीचं औषध, १५०-२०० मिग्रॅ/चौ.मी., दर २८ दिवसांत ५ दिवस) हे नेहमीचे उपचार हरल्यावरच, तीन सायकलनंतर पुन्हा एमआरआय.

प्रश्नकर्ता
बाहेरचे नमुने बिनबफरच्या फॉर्मॅलिनमध्ये येतात. आपणच बनवून पाठवावं का?

स्लाइडवाला
पाठवाच. एक लिटरला: ३७-४०% फॉर्मल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. तुकड्याच्या दहापट भरा. बिनबफरमध्ये काळपट पिगमेंट साचतं, ते डीएबीचा (अँटिबॉडी दाखवणाऱ्या रंगाचा) तपकिरी रंग समजून मोजलं जातं. आणि थिएटरवाल्यांना सांगा, सलाइनच्या गॉजमध्ये नमुना ठेवून देऊ नका, थेट बाटलीत.