जर्मन न्यू गिनीचा हाबर: खाणअभियंता गव्हर्नर कसा झाला?

जेलरोडकर:
नमस्कार मंडळी. आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छपाईला होते, तिकिटांचा नाद त्यांच्यामुळेच. परवा त्यांच्या अल्बममध्ये जर्मन न्यू गिनीचं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या जर्मन वसाहतीचं, एक तिकीट सापडलं. चित्र कैसरच्या होहेनझोलर्न नौकेचं आणि त्यावर काळ्या शाईत जी.आर.आय. नि पेनीचा आकडा! शोधत शोधत एडुआर्ड हाबरपर्यंत पोचलो. शिक्षणानं खाणअभियंता, १९१४ मध्ये तिथला हंगामी गव्हर्नर. हा माणूस त्या खुर्चीवर आला कसा? आणि पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाशी लढाई झाल्यावर सहाच दिवसांत करार केला, म्हणजे घाबरला का?

गंगापूर_कालवा:
मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मला नवल वाटत नाही. प्रशियात सरकारी खाणखात्याचा अभियंता आधी प्रत्यक्ष खाणीत उतरून काम शिके, मग पदवी, मग सरकारी परीक्षा. तेव्हा कुठे 'बेर्गअसेसर' ही पदवी. खाणकायदाही शिकावा लागे. म्हणजे तो पहिल्यापासून सरकारी अधिकारीच. आमचंही तेच होतं की. काँक्रीटपेक्षा भूसंपादन आणि मोबदल्याच्या फायलींतच माझी जास्त वर्षं गेली. हाबर आधी जर्मन पूर्व आफ्रिकेत होता, नंतर न्यू गिनीत. गव्हर्नर आल्बर्ट हाल १९१४ मध्ये गेले आणि कारभार याच्याकडे आला.

घाबरला म्हणू नका. त्याच्याकडे साधारण ५० जर्मन आणि २४० स्थानिक पोलीस, समोर ऑस्ट्रेलियाचं आरमार. बिटा पाकाचं बिनतारी केंद्र ११ सप्टेंबरला पडलं. १४ ला टोमाच्या डोंगरावर तोफा डागल्या. १७ ला हर्बर्ट्सहोह या गावी करार झाला. पण शब्द बघा: वसाहत देऊन टाकण्याचा अधिकार मला नाही, असं सांगून त्यानं फक्त लढाई थांबवली. तटस्थतेची शपथ घेणारे मळेवाले परत मळ्यावर जातील, जर्मन कायदाही चालू राहील. त्याला स्वतःला पुन्हा न लढण्याच्या वचनावर जर्मनीला जाऊ दिलं. अटी फार सैल, म्हणून ऑस्ट्रेलियात ओरड झाली. हरलेल्या बाजूनं इतकं पदरात पाडणं सोपं नसतं हो.

शालिमारची_ताई:
काका, पदरात पाडलं ते जर्मनांच्या. बिटा पाकाला ६ ऑस्ट्रेलियन मेले, जर्मन बाजूनं मेलेले जवळजवळ सगळेच मेलानेशियन, म्हणजे तिथले स्थानिक शिपाई, सुमारे ३०. ज्यांची जमीन, त्यांना या करारात काय मिळालं? मी आठवीला इतिहास शिकवते, हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

गंगापूर_कालवा:
ताई, मान्य. कराराच्या शब्दांतच मी अडकलो, हे शिपाई माझ्या उत्तरात यायला हवे होते.

जेलरोडकर, तुमचं तिकीट त्याच वर्षीचं. राबाउलला हाती लागलेल्या जर्मन तिकिटांवर तिथेच जी.आर.आय. ही ब्रिटिश राजाची अक्षरं छापली. नकली फार फिरतात, सांभाळा. अक्षरं आणि खालचा आकडा यांतलं अंतर मोजा. पहिल्या छपाईत ६ मिलिमीटर, नंतरच्यात ५.

जेलरोडकर:
आजोबांच्याच पट्टीनं मोजलं, ५ भरतंय. रविवारी भिंग घेऊन शाई बघतो. आणि ताई, अल्बमच्या त्या पानावर बिटा पाकाच्या शिपायांबद्दलही लिहून ठेवतोय.